बारा शब्द, चार कोरे चौकोन

१

चोरी झाली हे घरात सगळ्यांनी मान्य केलं होतं. चोर कोण, तेही ठरलं होतं. फक्त पोलीस चौकीत जाऊन तक्रार द्यायची उरली होती आणि त्यासाठी संध्याकाळचे पाच ही वेळसुद्धा मुक्रर झाली होती. सगळं ठरवून झाल्यावर लोक मला बोलावतात, याचा मला फार राग येतो.

या वेळी बोलावलं होतं खुद्द चोरानेच. म्हणजे घरातल्या धाकट्या सुनेने.

"मावशी, अण्णांचं वॉलेट रिकामं निघालं," ती फोनवर म्हणाली. "दादा म्हणतात मी नेलं. पाच वाजता चौकीत जाणार आहेत. हे बोटीवर, रविवारशिवाय फोन लागत नाही. मी बॅग भरून ठेवलीय."

"बॅग उघडून ठेव," मी म्हटलं आणि चपला घातल्या. दोन वाजायला आले होते.

मी एकतीस वर्षं बँकेच्या तळघरात लॉकर सांभाळले. अजूनही लोक मला लॉकरबाई म्हणतात. निवृत्त झाल्यापासून दर बुधवारी वाचनालयात टेबल टाकून बसते आणि फोनमध्ये अडलेल्यांना सोडवते. हल्ली निम्म्या लोकांचा एकच प्रश्न असतो, क्रिप्टोचं वॉलेट घ्यायचंय, कुठलं घेऊ? मी त्यांना आधी सांगते की वॉलेटमध्ये पैसे नसतात. पैशांची नोंद एका जगजाहीर वहीत असते, ती कोणीही वाचू शकतं. वॉलेटमध्ये असते फक्त चावी. मग विचारते, चावी सांभाळायची अक्कल किती आहे ते खरं सांगा.

वर्षापूर्वी हीच सून सासऱ्यांना घेऊन माझ्या टेबलाशी आली होती. अण्णा पन्नास वर्षं बाइंडिंगच्या धंद्यात. परदेशातला एक संग्राहक त्यांच्याकडून जुनी पुस्तकं बांधून घ्यायचा आणि पैसे क्रिप्टोतच द्यायचा. मी तीन वाटा दाखवल्या. एक, कंपनीचं अ‍ॅप. चावी कंपनीकडे, विसरलात तर ते मदत करतात, पण ते बुडाले तर तुम्हीही बुडालात. दुसरी, फोनमधलं स्वतःचं वॉलेट. बारा इंग्रजी शब्द मिळतात, तीच चावी, ते गेले तर देवही मदतीला येत नाही. तिसरी, छोटं वेगळं यंत्र. त्यातही शब्द आलेच.

"चावी माझी, मी ठेवीन," अण्णा छाती काढून म्हणाले होते.

मी मान डोलावली होती. तेव्हा या प्रकरणात थोडी आरोपी मीही होते, आणि ते मला रस्ताभर टोचत होतं.

२

दार अण्णांच्या थोरल्या मुलाने, म्हणजे त्याच दादाने उघडलं. त्याचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे, आणि घरात पाऊल टाकताच ते कळतं. औषधांचं वेळापत्रक लॅमिनेट. विजेची बिलं लॅमिनेट. 'दार हळू लावा' हेसुद्धा लॅमिनेट. बापाचा धंदा तो कधी शिकला नाही. डिंकाचा वास सहन होत नाही म्हणायचा.

खिडकीशी चाकांच्या खुर्चीत अण्णा बसले होते. तीन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, उजवा हात गेला. पडताना खिशातला फोनही फुटला. डाव्या हातात एक हातरुमाल होता. तो मांडीवर पसरायचा, घडी घालायची, अंगठ्याच्या नखाने दाबायची, पुन्हा घडी, पुन्हा दाब, पुन्हा घडी. तीन झाल्या की उलगडायचा आणि परत सुरू.

"सारखं हेच," थोरला म्हणाला. "सवयीने हात चालतो. समजत काही नाही."

अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला ते अजिबात पटलं नाही.

"काय काय झालं ते सांगा."

"सोपं आहे. फोन फुटला म्हणून नवा घेतला. अण्णांच्या कपाटात बारा शब्दांचा कागद सापडला. ते शब्द टाकून वॉलेट पुन्हा उघडलं. उघडलं, आणि आत काही नाही! वॉलेट निवडलं तिने, फोनमध्ये टाकलं तिने, अण्णांनी शब्द लिहिले तेव्हा खोलीत होती ती एकटी. आणि गेल्या महिन्यापासून अण्णांना बोलायला शिकवायला रोज एक बाई येतात. त्यांची फी कुठून येते? मी विचारलं तर गप्प."

"कागद कुठाय?"

तो आतून घेऊन आला. लॅमिनेट केलेला. मोठा, जवळजवळ वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा. मी डोळ्यांवर हात ठेवला.

"शब्द मला दाखवू नका. कागद कसा आहे तेवढं सांगा."

तो जरा गोंधळला. "घड्या पडलेल्या आहेत. घड्यांचे चौकोन झालेत, एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. प्रत्येक बाजूला सहा चौकोनांत एकेक शब्द. दोन-दोन चौकोन कोरे."

"आकडे घातलेत?"

"नाहीत. आणि चार शब्द तर डोकं खाली पाय वर! कागद कसाही फिरवून लिहिलाय. वय झालं होतं हो, झटक्याच्या आधीपासूनच लक्षण होतं ते."

"अण्णांना दाखवला?"

"दाखवला ना. चांगला लॅमिनेट करून हातात दिला. त्यांनी उलटा केला, सुलटा केला, वाकवायला बघितला, आणि मग रागाने लाल होऊन भिरकावला. कोणाच्या अंगावर? तिच्या! आता बोला. माणसाला वाचा नाही, पण चोर दाखवलाच की नाही?"

खुर्चीतून घशातल्या घशात एक आवाज आला. थोरल्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

३

सून स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. बॅग तशीच बांधलेली. शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे बाटल्यांवर चिठ्ठ्या, सगळं जागच्या जागी. दारामागच्या खुंटीला एक हेल्मेट लटकत होतं. येताना मी खाली पाहिलं होतं, जिन्यापाशी गाडी कुठलीच नव्हती.

"स्कूटर कुठे गेली?"

तिने मान खाली घातली. "विकली."

"थेरपीच्या बाईंसाठी?"

"दादांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, आमच्या बापासाठी गाडी विकणारी तू कोण? त्यांना ते लागलं असतं, मावशी. त्यांच्या दुकानाचं सध्या धड चाललेलं नाही."

मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली की दोन्ही एकदम दाखवता येईनात. म्हणून मी पाणी मागितलं.

"शब्द लिहिले तेव्हा तू खोलीत होतीस?"

"होते. पण भिंतीकडे तोंड करून. तुम्हीच सांगितलं होतंत ना, शब्द दुसऱ्या कोणी बघायचे नाहीत म्हणून. पंधरा-वीस मिनिटं कॅलेंडर बघत उभी होते. मला पाठ झालं ते."

"काय ऐकू आलं?"

तिने डोळे मिटले. "कागदाचा आवाज. घडी घातल्यावर नखाने दाबतात ना, तसा. दोन-तीनदा. मग पेन. मध्ये मध्ये कागद उचकटल्यासारखा आवाज."

"आधी लिहून मग घडी घातली असेल."

"नाही," ती ठामपणे म्हणाली. "आधी घडी, मग पेन. मला तेव्हाच नवल वाटलं होतं."

मला वाटलेलं नवल मी गिळलं आणि घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून गेले होते.

"मग फोनमध्ये शब्द तपासले होते का?"

"अण्णांनीच सगळे परत टाकून दाखवले होते. वॉलेट म्हणालं, बरोबर. तुमची अटच होती ना ती."

म्हणजे लिहिताना चूक झाली नव्हती. अण्णांच्या डोक्यातही काही बिघडलेलं नव्हतं. तरीही वॉलेट रिकामं होतं.

४

मोबाइलवाल्याचं दुकान समोरच्या कोपऱ्यावर. मला पाहताच त्याचा चेहरा उतरला.

"मी काही केलेलं नाही," तो मी न विचारताच म्हणाला. जे लोक असं म्हणतात त्यांनी काहीतरी केलेलं असतं, पण बहुतेकदा ते भलतंच असतं.

"वॉलेट तुम्ही उघडून दिलंत?"

"दादांनी शब्द सांगितले, मी टाकले. रिकामं निघालं तसा मला घाम फुटला. म्हटलं, आता मलाच धरतात."

"एका झटक्यात उघडलं?"

"छे हो! कसलं एका झटक्यात? पहिल्यांदा 'शब्द चुकीचे' म्हणालं. मग आम्ही मागची बाजू आधी घेतली. नाही. मग उभ्या ओळीने वाचलं. नाही. उलट्या शब्दांना शेवटी टाकलं. नाही. दादा तर वैतागले होते. दहा-बारा वेळा झालं असेल. मग एकदाचं उघडलं."

थोरल्याने यातलं अक्षर मला सांगितलं नव्हतं. लबाडी म्हणून नव्हे. कुलूप उघडल्यावर आधी किती चाव्या लावल्या हे कोणी लक्षात ठेवत नाही, हे मी तळघरात रोज पाहिलंय.

"शब्द सांगितले म्हणजे तोंडी?"

तो कानामागे खाजवू लागला. "फोटो पाठवला होता त्यांनी. दोन्ही बाजूंचा."

हे त्याचं भलतंच. मी त्याला तो फोटो माझ्यासमोर खोडायला लावला, मग खोडलेल्या फोटोंच्या डब्यातूनही खोडायला लावला, आणि त्याला असं काही सुनावलं की दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपापले फोन उघडून बघायला लागली. तरीही मनात पक्कं झालं. या बारा शब्दांवर आता विसंबून चालणार नाही. पैसे सापडलेच, तर आजच्या आज हलवायचे.

आणि पैसे सापडणार, याची मला आता खात्री होती.

५

चारला दहा कमी असताना मी सगळ्यांना अण्णांच्या खोलीत बसवलं. थोरला तक्रारीचा कागद घेऊनच बसला होता. नशीब, तो अजून लॅमिनेट झाला नव्हता.

"नवा फोन द्या. वॉलेट उघडा," मी म्हटलं. "आता 'व्यवहार' वर बोट ठेवा. काय दिसतं?"

"'अजून एकही व्यवहार नाही'," त्याने वाचलं. "म्हणजे रिकामं. मी तेच सांगतोय ना!"

"तुमचं घर फुटलं तर चोर काय नेतो?"

"सामान."

"आणि भिंतींवरच्या खिळ्यांची भोकं? तीही नेतो?"

सून ताठ बसली.

"संग्राहकाने वर्षभरात अण्णांना किती वेळा पैसे पाठवले? पाच-सहा वेळा तरी. ते आल्याच्या नोंदी कुठे आहेत? समजा हिने पैसे नेले, तर नेल्याची नोंद कुठे आहे? ती वही जगजाहीर असते, तिच्यातली ओळ कोणाला पुसता येत नाही. चोर पैसे नेऊ शकतो, वही नेऊ शकत नाही. हे वॉलेट लुटलेलं नाही. हे कधी वापरलेलंच नाही. हे अण्णांचं नव्हेच."

"पण शब्द टाकल्यावर उघडलं की!"

"बाराव्यांदा उघडलं. बारा शब्दांत एक छोटी तपासणी दडलेली असते. क्रम चुकला तर वॉलेट बहुतेक वेळा हाकलून देतं. पण सोळातून एखादा चुकीचा क्रम त्या तपासणीतून निसटतो, आणि मग कोणाचंच नसलेलं, कोरं करकरीत वॉलेट उघडतं. तुम्ही इतक्या चिकाटीने चुकीच्या चाव्या लावत गेलात की शेवटी शेजारचं रिकामं लॉकर उघडलंत आणि चोर चोर म्हणून ओरडलात."

"हे नुसतं बोलणं झालं," थोरला म्हणाला, पण आवाज खाली आला होता. "पुरावा?"

"तुमच्याकडेच असणार. संग्राहकाला पाठवलेलं एखादं जुनं बिल आहे?"

तो आत गेला आणि घेऊन आला. लॅमिनेट केलेलं! त्याच्या त्या वेडाचं मी आयुष्यात पहिल्यांदाच कौतुक केलं. बिलाच्या कोपऱ्यात पैसे कुठे पाठवायचे त्या पत्त्याचा चौकोनी कोड छापलेला होता. सुनेच्या फोनने तो टिपला आणि जगजाहीर वहीचं पान उघडलं. आलेल्या सहा नोंदी. शेवटची नोंद अण्णांना झटका आला त्याच्या आठवडाभर आधीची. गेल्याची नोंद एकही नाही. सगळं जिथल्या तिथे.

थोरल्याने फोन तीनदा खालून वर वाचला. मग तक्रारीचा कागद गुडघ्यावर उपडा ठेवला.

"मग चोरी..."

"झालीच नाही."

सुनेने पदराने नाही, डोळे मनगटाने पुसले, प्रयोगशाळेत हात ओले असले की पुसतात तसे.

"पण मावशी," ती म्हणाली, "बरोबर क्रम कोणाला माहीत? अण्णा तर सांगू शकत नाहीत."

"ते तीन महिने सांगतायत," मी म्हटलं. "सकाळ संध्याकाळ सांगतायत. हातरुमालावर."

६

बाइंडरच्या हाताखालून आयुष्यभर एकच गोष्ट जाते, सोळा पानी फर्मा. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं छापतात, पण क्रमाने नाही. पहिल्याशेजारी सोळावं, काही पानं चक्क उलटी. सपाट कागद पाहिला तर वाटतं छापणाऱ्याला वेड लागलंय. तीन घड्या घातल्या की पानं मुकाट्याने आपापल्या जागी येतात. अण्णांना आकडे घालायची गरजच वाटली नाही. त्यांनी आधी कागदाची घडी घातली, मग न कापलेल्या पानांच्या फटी उचकटून एका पानावर एक शब्द लिहीत गेले. पुस्तकाची पहिली दोन आणि शेवटची दोन पानं कोरी सोडतात, तशी सोडली. बारा शब्द, चार कोरे चौकोन.

"आणि तुम्ही तो कागद लॅमिनेट केलात," मी थोरल्याला म्हटलं. "त्यांच्या हातात दिलात तेव्हा ते काय करत होते? घडी घालायला बघत होते. प्लास्टिक वाकेना. मग त्यांनी तो हिच्या अंगावर फेकला नाही. हिच्याकडे टाकला. या घरात आपलं म्हणणं कोणाला कळेल, तर ते हिला, एवढंच त्यांना सांगायचं होतं."

खिडकीशी अण्णांनी डावा हात खुर्चीवर आपटला. एकदाच, पण जोरात.

मी एक मोठा कोरा कागद दिला आणि स्वतः भिंतीकडे वळले. थोरल्याने प्लास्टिकचा कागद खिडकीच्या काचेवर धरला, सुनेने त्यावर कोरा कागद ठेवून एकेक शब्द त्याच जागी, त्याच तोंडाने उतरवला. मग दुसरी बाजू. मला फक्त दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"हा उलटाच राहू दे," थोरला म्हणत होता. "हो, तिथेच. जरा डावीकडे घे, बाळा."

तीन महिन्यांत तो तिला 'बाळा' म्हणाला नसावा, कारण तिचं पेन क्षणभर थांबलं.

मग कागद अण्णांच्या मांडीवर आला. उजवा हात चालत नव्हता, म्हणून सुनेने कड धरली. पहिली घडी. नखाचा दाब. दुसरी. दाब. तिसरी. दाब.

"मावशी, त्यांनी ते माझ्या हातात दिलंय," ती म्हणाली. "मूठ मिटून धरलीय माझी."

"मग वाच. मनात वाच, आणि फोनमध्ये टाक."

पानांच्या फटी उचकटल्याचा आवाज. टाइप केल्याचा आवाज. बाराव्या शब्दानंतर थोरल्याने श्वास सोडला तो मला भिंतीपाशी जाणवला. वॉलेट पहिल्याच खेपेला उघडलं. सहा नोंदी, आणि शिल्लक वहीतल्या आकड्याइतकीच, शेवटच्या टिंबापर्यंत.

पाच वाजले. थोरल्याने तक्रारीचा कागद चार तुकडे करून खिशात घातला. मग सुनेसमोर उभा राहिला. माफी कशी मागतात ते त्याला माहीत नव्हतं, हे दिसत होतं.

"स्कूटर कोणाला विकलीस?" त्याने विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"हेल्मेट आहे, गाडी नाही. मला काय डोळे नाहीत?" तो म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "नव्हतेच. चुकलो मी. परत आणतो ती."

"आधी हे पैसे हलवा," मी मध्येच म्हटलं, कारण मला रडणं जमत नाही. "हे शब्द कोपऱ्यावरच्या दुकानात फिरून आलेत. नवं वॉलेट, नवे बारा शब्द, आत्ताच्या आत्ता. आणि या वेळी मी नुसती मान डोलावणार नाही. साध्या माणसाने वॉलेट घेताना एकच बघावं. उद्या मी पडलो तर घरातलं कोणीतरी हे उघडू शकेल का? कागद कुठे आहे आणि कसा वाचायचा, हे दोघांना ठाऊक हवं. अण्णा, दुसरं माणूस कोण?"

अण्णांनी डाव्या हाताचं बोट सुनेकडे केलं. या वेळी अर्थ कोणाला सांगावा लागला नाही.

नव्या फोनवर नवे शब्द यायला लागले तशी ती सवयीने भिंतीकडे वळायला निघाली. अण्णांनी घशातून 'अं' केलं. पेन तिच्या हातात दिलं. मग चांगल्या पायाने जमिनीला रेटा देऊन त्यांनी स्वतःची खुर्ची फिरवली आणि स्वतःच भिंतीकडे तोंड करून बसले. थोरला त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मी होतेच.

आम्ही तिघं कॅलेंडर बघत राहिलो. मागे कागदाची घडी पडली, नखाचा दाब, पुन्हा घडी. अण्णांची मान हळूच हलली, घडी बरोबर पडल्यावर हलते तशी. मग पेनाचा आवाज सुरू झाला.

"अण्णा," ती मागून म्हणाली, "मी आकडेपण घालतेय हं."